दादाचा आवाज कूलरमधून येतो, पण त्या कूलरमधे पाणी कोण भरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचीच तेवीस वर्षांची एक मुलगी सोळा-सतराच्या मुलामुलींसाठी कादंबरी लिहून राहिली आहे. नायिका मिनू, अकरावीतली. तिचा दादा डिसेंबरात गाडीच्या अपघातात गेला, मार्चमधे घरचा कूलर खिडकीला लावला आणि त्यातून दादाचा आवाज यायला लागला. त्याच उन्हाळ्यात ट्यूशनमधला एक मुलगा मिनूला आवडायला लागतो. मैत्रिणींनी वाचून दोन आक्षेप घेतले. आवाज कुठून येतो ते कळत नाही हा एक, आणि भाऊ जाऊन चार-पाच महिने नाही झाले तर ही प्रेमात कशी पडते हा दुसरा. तिनं मला पहिली सात प्रकरणं पाठवली आणि विचारलं, ताई, माझं चुकतंय कुठं?

आधी हे सांगते की कूलर तुला फार म्हणजे फारच चांगला सापडलाय. मी वीसेक वर्षं कुमार वयाच्या वाचकांसाठीची हस्तलिखितं वाचतेय, दुरुस्त करतेय, आणि माझ्याकडे जादू म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा आरसा, फुलपाखरू, चंद्र नाहीतर जुन्या पेटीतली चिठ्ठी असं असतं, म्हणजे लेखकानं कुठंतरी वाचलेलं. कूलर तू वाचलेला नाहीस, तू त्याच्यासमोर झोपलेली आहेस. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत घर त्याच्याच आवाजात राहतं, पहिल्या दिवशी ओल्या गवताचा तो वास, टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि कधी कधी कुणीच हाक मारलेली नसते तरी त्या घरघरीत आपलं नाव ऐकू आल्यासारखं होतं. हे नागपुरात वाढलेल्या प्रत्येकाला झालंय. त्यामुळे दादाचा आवाज कूलरमधून आला हे तू पहिल्या ओळीत लिहिलंस की वाचकाचा अर्धा विश्वास तिथंच बसला, त्यासाठी तुला काही सिद्ध करायची गरज राहिली नाही.

गडबड दुसऱ्या प्रकरणापासून आहे. तिथून पुढं तो कूलर कूलरच राहत नाही. सात प्रकरणांत एकदाही कुणी त्यात पाणी भरत नाही! लाईट जात नाही, बिल येत नाही, पंप बसत नाही, टबाला बुळबुळीत शेवाळ धरत नाही, बाबा म्हणत नाहीत की दिवसभर कशाला चालू ठेवला. मे महिन्यात पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत टब किती पटकन रिकामा होतो तुला माहितीये, रात्री दोन वाजता कुणालातरी उठून पाईप लावावाच लागतो, नाहीतर पंप कोरडा फिरतो आणि पहाटे सगळे घामानं उठतात. मग दादाचा आवाज ऐकायचा तर रात्री दोनला पाणी भरायला उठणार कोण? मिनू? की आई, जी आवाज ऐकू येतो असं कुणालाच सांगत नाही पण रोज न चुकता उठते? माझ्यासाठी तुझी कादंबरी इथं सुरू होते. ही सगळी कामं काढून टाकल्यामुळे तुझी जादू हवेत लटकली आहे, आणि मैत्रिणींना जे "कळत नाही" वाटतंय ते हेच आहे, त्यांना कारण नकोय, त्यांना तो कूलर खराखुरा हवाय.

हे मी पुस्तकातून शिकलेली नाही. माझे वडील मे महिन्यात गेले. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि त्या रात्री कूलरमधलं पाणी संपलं. ते काम कायम बाबांचं होतं, कुणी वाटून दिलेलं नाही, बस त्यांचंच होतं. आम्ही तिघंही जागे होतो, आणि कुणीही उठलं नाही, कारण जो उठेल त्यानं बाबांचं काम घेतल्यासारखं झालं असतं. आम्ही पहाटेपर्यंत उकाड्यात तसेच पडून राहिलो. तेरा दिवसांत मी जितकी रडले नव्हते तितकी त्या कोरड्या पंपाच्या आवाजानं रडले. म्हणून मी सगळ्यांना सांगते की जादूच्या मागे घरकाम लावा. मेलेलं माणूस घरात आलं तर कुणाचं काम वाढलं, कुणाची झोप मोडली, कुणाचे पैसे गेले, ते लिहा, दुःख आपोआप तिथं येऊन बसतं, त्याला वेगळं बोलवावं लागत नाही.

आता "आवाज कुठून येतो" याबद्दल. कारण अजिबात सांगू नकोस, पण नियम मात्र पक्के ठेव. अशा लिखाणाला जादुई वास्तववाद म्हणतात, हा शब्द मुळात चित्रांसाठी आला, फ्रांझ रोह नावाच्या जर्मन कलासमीक्षकानं १९२५ मधे तो वापरला, अशा चित्रांबद्दल ज्यात सगळं अगदी साधं, रोजचं, नीट रेखलेलं असतं आणि तरी बघताना अंगावर काटा येतो. साहित्यात तो नंतर लॅटिन अमेरिकेमुळे गाजला. पण त्यातला जो सूर आहे ना, न डगमगता सांगण्याचा, तो आपल्याला बाहेरून आणायची गरजच नाही. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र उघडून बघ, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात इथंच रिद्धपूरला ते जमवलं, त्यात जेवणखाण, भांडणं, प्रवास आणि चमत्कार एकाच चालीत, एकाच छोट्या छोट्या वाक्यांत येतात, चमत्कारासाठी आवाज चढत नाही. किंवा ताजबागला, बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर जाऊन दहा मिनिटं बस. ते १९२५ मधे गेले, पण तिथं कुणी बाबांबद्दल सांगायला लागलं की ते "कालच भाजी घेतली" अशा आवाजात सांगतात. तुझ्या पानावर मात्र आवाज आला की लगेच "गूढ", "अनाकलनीय", "जणू दुसऱ्या जगातून" असले शब्द येतात. ते सगळे काढ. मिनूला धक्का बसू दे, पण निवेदनाला धक्का बसता कामा नये.

आणि नियम तुला कूलरच देतोय. कूलर कोरड्या हवेतच काम करतो, गरम कोरडी हवा गवताच्या ओल्या ताट्यांतून आत येते, पाणी वाफ होऊन उडतं आणि हवा थंड होते. पावसाळी दमट हवा आली की पाणी उडत नाही, नुसता चिकचिकाट होतो, आणि आपण तो बंद करून टाकतो. म्हणजे दादाचा आवाज फक्त कोरड्या उन्हाळ्यात येऊ शकतो. मार्चच्या मध्याला सुरू, जूनच्या मध्याला पाऊस आला की संपला. तीन महिने! तुला कादंबरीची मुदत फुकट मिळाली, आणि अख्खं नागपूर ज्या पावसाची वाट बघतं तोच पाऊस मिनूला नको असेल. मृग लागल्यावर सगळे आभाळाकडे बघत असतील आणि ही पोट्टी एकटीच ढगांना परत जा म्हणत असेल, हे तुझ्या हस्तलिखितात कुठंही नाहीये, मला वाचताना विश्वासच बसेना की तू हे सोडलंस. मधेच एखादा अवकाळी पाऊस टाक एप्रिलमधे, दोन दिवस हवा दमट, आवाज अडखळतो, अर्धी वाक्यं येतात, तेव्हाच वाचकाला नियम कळून जाईल, कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

दादा बोलतो काय, हा मोठा मुद्दा आहे. तुझा दादा फार शहाणा झालाय गं मेल्यावर. चौथ्या प्रकरणात तो म्हणतो, "मिनू, आयुष्य थांबत नाही, तू तुझी स्वप्नं पूर्ण कर, मी कायम तुझ्यासोबत आहे." एकोणीस वर्षांचा इंजिनिअरिंगचा पोट्टा बहिणीशी असं बोलतो का? जिवंत असताना तो तिच्याशी काय बोलायचा ते आठव. "मिने, चार्जर कुठं ठेवला बे माझा." "आईला सांगू नको, मी अर्ध्या तासात येऊन राहिलो." "पोहे उरले का?" बस एवढंच येऊ दे कूलरमधून. नवीन काहीच नाही, फक्त जे तो कधीतरी बोलून गेलाय तेच, उलटसुलट, कधी वाक्य मधूनच. तो उत्तर देऊ शकत नाही असा नियम कर, म्हणजे मिनूनं कितीही विचारलं की त्या रात्री तू हेल्मेट का नाही घातलं, तरी तिकडून येणार "पोहे उरले का". हे लिहिताना माझ्याच घशात आलं.

ही दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघ. तू लिहिलंयस: "त्या गूढ थंडगार झुळुकीतून दादाचा प्रेमळ स्वर तरंगत आला आणि मिनूच्या डोळ्यांतून अश्रूंच्या धारा वाहू लागल्या." मी असं लिहिलं असतं: "पंप सुरू झाला, गवत भिजलं, आणि दादा म्हणाला, मोटर बंद कर, टाकी वाहून राहिली. मिनू उठली. जिना चढून वर गेली. टाकी वाहत नव्हती. तरी तिनं नळ घट्ट केला आणि मग खाली आली." यात रडणं नाहीये, पण ती वर जाऊन आली ना, ते जाणं पुरतं.

प्रेमावरच्या आक्षेपाला मी थोडी चिडूनच उत्तर देणार आहे, कारण हा आक्षेप मी फार ऐकते आणि त्यानं बऱ्याच चांगल्या कादंबऱ्यांची वाट लागली आहे. लोकांच्या डोक्यात दुःखाच्या पाच पायऱ्या बसल्यात, नकार, राग, सौदा, खिन्नता, स्वीकार, आणि नवे लेखक त्या पायऱ्यांचीच प्रकरणं करतात आणि प्रेम आणतात ते स्वीकारानंतर, बक्षीस दिल्यासारखं. तू पण तेच करायला निघालीयेस, दहाव्या प्रकरणाचा आराखडा तसाच आहे. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मधे त्या पायऱ्या मांडल्या त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्या माणसांवरून नव्हे. मागे राहिलेल्यांचं जास्त नीट वर्णन मला मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मधे केलेलं वाटतं. ते म्हणतात की माणूस दोन टोकांमधे येजा करत राहतो, एकीकडे गेलेल्याची आठवण, रडणं, त्याच्या वस्तू, आणि दुसरीकडे नवीन कामं, नवीन माणसं, जगण्याची खटपट, आणि ही येजा एकाच दिवसात कितीतरी वेळा होऊ शकते, आणि ते बिघाडाचं नाही तर तब्येतीचं लक्षण आहे. सोळाव्या वर्षी तर ही येजा फार झपाट्यानं होते. सकाळी दादाचा शर्ट हुंगून रडलेली मुलगी संध्याकाळी फुटाळा तलावावर मैत्रिणीसोबत भुट्टा खाताना पोट धरून हसते, आणि हसल्याबद्दल रात्री स्वतःला फाडून खाते. ते फाडून खाणं तुझ्या कादंबरीचं पेट्रोल आहे. प्रेम उशिरा आणू नकोस, आणखी आधी आण, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आण. मैत्रिणींना जे खटकलं तेच मिनूला खटकू दे, आईला खटकू दे, शेजारच्या काकूंना तर खटकू देच.

पण प्रेमानं तिचं दुःख बरं होतं असं करू नकोस. पोरगा औषध नाहीये.

आणि हो, तो पोरगा. साहिल. गिटार वाजवतो, कमी बोलतो, डोळे खोल आहेत. मला तो दिसलाच नाही. गिटार काढ त्याची, मनापासून सांगते. त्याला कामाला लाव. त्याच्या वडिलांचं उन्हाळ्यात कूलर दुरुस्तीचं दुकान असू दे, इतवारीकडे किंवा मेडिकल चौकाच्या मागच्या गल्लीत, आणि पोरगा ट्यूशन सुटल्यावर सायकलवर ताट्या बांधून घरोघरी जातो. हाताला गवताचे बारीक ओरखडे, अंगाला वाळ्याचा वास. आता बघ काय झालं. मिनूच्या घरच्या ताट्या मागच्या वर्षीच्या आहेत, दादानं स्वतः लावलेल्या. क्षारानं कडक झाल्यात, पाणी नीट झिरपत नाही, वास मारतात. बदलायलाच पाहिजेत. आणि मिनूला भीती आहे की आवाज ताट्यांत आहे, यंत्रात नाही. बाबांनी साहिलला बोलवलंय, तो दारात उभा आहे नवीन ताट्या घेऊन, आणि ही त्याला आत येऊ देत नाही, उद्या ये म्हणते, परत उद्या ये म्हणते, तो चार वेळा येतो आणि चार वेळा परत जातो आणि पाचव्या वेळी तिच्यासाठीच येतो. तुझी प्रेमकथा आणि तुझी शोककथा आत्ता दोन वेगवेगळ्या खोल्यांत बसल्यात, एक ट्यूशनमधे, एक घरी. त्या एका दारात आण. तो ज्या हातानं तिला आवडतो त्याच हातानं तो दादाला घराबाहेर काढू शकतो, हे कळल्यावर वाचक पान उलटल्याशिवाय राहणार नाही.

त्यानं ताट्या बदलल्या की नाही ते तू ठरव, मी नाही सांगत. एवढंच म्हणते की साहिलला तो आवाज ऐकू येतो की नाही हे आधी नक्की कर आणि मग बदलू नकोस. मला वाटतं येऊ नये. त्याला फक्त पंपाचं बेअरिंग गेल्याचा आवाज येतो, आणि तो ते प्रामाणिकपणे सांगतो, आणि ती त्याच्यावर चिडते, आणि तरी तो बेअरिंग बदलत नाही कारण तिनं नको म्हटलंय. सोळाव्या वर्षीचं प्रेम मला तरी असंच आठवतं, समोरच्याचं काही कळत नसतानाही ऐकणं.

घर कुणाचं आहे तेही तू कुठं लिहिलेलं नाहीस, आणि याचा जादूशी थेट संबंध आहे. पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघणारं घर असेल तर त्या घरात जादू आधीपासून आहे. कावळा येत नाही म्हणून मोठी मोठी माणसं हात जोडून हवेत मोठ्यानं वचनं देतात, तुझ्या बहिणीचं शिक्षण करू, तुझ्या गाडीचं कर्ज फेडू, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून शिवतात. अशा घरात कूलर बोलला तर आजी म्हणेल, त्याचं काहीतरी राहिलंय, आणि कामाला लागेल. पण घर इंदोऱ्यातलं बौद्ध असेल, तर तिथं कावळा नाही, पुण्यानुमोदनाला वंदना होते, भोजनदान होतं, आणि आजोबा कदाचित १९५६ ला दीक्षाभूमीवर बापाच्या खांद्यावर बसून गेलेले असतील आणि त्यांनी आयुष्यभर घरात असलं काही शिरू दिलं नसेल. तिथं त्या पोरीला आवाज ऐकू येणं ही केवढी अडचण आहे! ती कुणाला सांगेल? मला दुसरं घर जास्त ओढतं, पण तू ज्या घरात वाढलीस तेच घे, उसनं घेऊ नकोस.

आता जरा थांबून एक गोष्ट, आणि यात मी काही सूट देणार नाही. पाचव्या प्रकरणात मिनू गच्चीच्या कठड्यावर उभी राहून म्हणते की दादाकडे जावं, आणि तू ते दृश्य फार सुंदर लिहिलंयस, चांदणं, वारा, दादाची हाक. तेच चुकलंय. तुझे वाचक सोळा वर्षांचे आहेत आणि त्यातल्या काहींच्या घरात खरंच कुणी गेलेलं असेल. मरणाला भेटीचं ठिकाण करू नकोस. तिच्या मनात तो विचार येतो हे लपवायचंही कारण नाही, येतो, अशा वयात येतो, पण तो सुंदर दाखवू नकोस, आणि तिला तो कुणाजवळ तरी बोलून दाखवू दे, मावशी असेल, ट्यूशनच्या मॅडम असतील, आणि त्या माणसाला घाबरू दे आणि त्या रात्री तिच्याजवळ झोपू दे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर छाप, सरकारी आहे, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. प्रकाशक नको म्हणाला तर भांड.

भाषेबद्दल फार नाही बोलत, तुझा कान चांगला आहे. फक्त संवादात मुलं "करते आहेस का" म्हणतात आणि आजी पुण्याच्या वाटतात. "काय करून राहिली बे" असंच लिही, घाबरू नको, मुंबईच्या वाचकालाही कळतं. कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो, त्याची परत कोथिंबीर करू नकोस. हिंदी येते मधे मधे ती येऊ दे, ट्यूशनच्या पोरांच्या तोंडी ती नसेल तर खोटं वाटतं. आणि झिरो माईलचा खांब काढून टाक, नागपूरवर लिहिणारा प्रत्येक जण नायकाला तिथं नेऊन उभा करतो.

शेवट तू मारबतीवर करणार म्हणतेस. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात, सगळं गाव ओरडतं, इडा पिडा घेऊन जा गे मारबत, आणि मिनू गर्दीत उभी राहून दुःख घेऊन जा म्हणते. मी हे वाचून बराच वेळ विचार केला. जागा बरोबर आहे, पण तिच्या तोंडचं वाक्य उलटं आहे असं मला वाटतं. पावसाळा लागून दोन-अडीच महिने झालेत, कूलर गच्चीवर प्लॅस्टिकमधे बांधून ठेवलाय, आवाज बंद आहे. सगळे ओरडून राहिले घेऊन जा, घेऊन जा, आणि तिला एकदम भीती वाटते की मारबत ते पण घेऊन जाईल. ती ओरडत नाही. तोंड घट्ट मिटून घेते. साहिल बाजूला उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडतोय, त्याला कळतं की ही ओरडत नाहीये, आणि तो पण गप्प होतो. एवढंच. त्यापुढं ते जे दादाचं पत्र सापडतं गादीखाली, ते मात्र काढ, एकोणीस वर्षांची पोरं गादीखाली पत्र ठेवत नाहीत.

पहिली तीन प्रकरणं या हिशोबानं परत लिही, बाकीची तशीच राहू दे सध्या. आणि त्याआधी घरचा कूलर स्वतः खोल, टबाचा तळ हातानं साफ कर. मागच्या वर्षी मी केला तेव्हा मला एक क्लिप, दोन मेलेले किडे, गवताचा लगदा आणि बाबांच्या शर्टाचं एक बटण सापडलं होतं. तुझ्या टबात काय निघतं ते मला कळव.